मार्चमधला ओला रस्ता

त्या दिवशी फजरची नमाज पढून परतताना रस्ता ओला दिसला. पावसाळ्याला अजून तीन महिने होते. मार्चमध्ये आमच्याकडे रस्ता ओला दिसला की समजायचं, एक तर कुणाची पाइपलाइन फुटली, नाहीतर कुणी साहेब येणार आहे. पाइपलाइन आमच्या गावात नाही.

वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातल्या एका गावात मी उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवतो. शाळेपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर खाणीचं नवं बांधकाम चालू होतं. कोळसा फोडायचा, पट्ट्यावरून उंच सायलोत न्यायचा आणि तिथून थेट रेल्वेच्या वाघिणीत भरायचा, अशी योजना. योजना वाईट नाही. ती पूर्ण झाली की रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक कमी होतील, हे मलाही पटतं. पण ती उभी राहीपर्यंत मुरूम, खडी, सिमेंट घेऊन दिवसभर डंपर धावायचे. मशिदीच्या हौदावर वुजूला बसलं की पाण्यावर राखाडी साय दिसायची. अम्मी वाळलेले कपडे घरात घेण्याआधी दोनदा झटकायची आणि दोन्ही वेळा खोकायची.

चंद्रपूर जिल्ह्याला धूळ नवी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची तपासणी केली, तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होतं. असला नंबर कुणी पेढे वाटून सांगत नाही.

या बांधकामाला पर्यावरण मंजुरी मिळालेली होती. तिच्या पत्राची एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते, हे मला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीमुळे कळलं. मंजुरी मिळाल्यावर सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत तशी जाहिरात द्यायची असते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. पंचायतीच्या कपाटातून पत्र निघालं, ते इंग्रजीत. सरपंच म्हणाले, "सर, तुम्हीच वाचून पाहा, आमच्यानं होऊन नाही राहिलं." बी.एड.ला पाठ नियोजन शिकवलं होतं, हे नव्हतं शिकवलं. शब्दकोश घेऊन आठवडाभर बसलो.

वाचत गेलो तसा चकितच झालो. सगळं त्यात लिहिलेलं होतं. रस्त्यावर नियमित पाणी मारायचं. गाड्यांवर ताडपत्री बांधायची. बाहेर पडणाऱ्या गाडीची चाकं धुवायची. वरची सुपीक माती वेगळी राखायची, ती भरावात टाकायची नाही. ढिगाऱ्याभोवती नाली काढायची, म्हणजे पावसाचं गढूळ पाणी नाल्यात जाणार नाही. गावाच्या बाजूला झाडांचा पट्टा उभा करायचा. बाहेरून आलेल्या मजुरांना राहायला जागा, संडास आणि स्वयंपाकाला इंधन द्यायचं. आपल्यासाठी कुणीतरी इतका विचार केलाय, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

या अटी पाळल्या जातात की नाही, याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. तो देणार कोण? ज्याला मंजुरी मिळाली तोच. परीक्षा देणाऱ्यानंच पेपर तपासावा, तसा प्रकार. म्हणून बाहेरचा माणूस येऊन प्रत्यक्ष पाहतो, त्या तपासणीला मोल.

फेब्रुवारीत मी सातवीच्या मुलांना रोजनिशी लिहायला दिली होती. अभ्यासक्रमातलाच भाग. शाळेच्या खिडकीतून जे दिसेल ते लिहा, एवढंच सांगितलं. मुलांनी डंपर मोजले. पाण्याचा टँकर कधी आला तेही लिहिलं, कारण टँकर आला की ती धावत बाहेर जात. शाळेच्या चोवीस दिवसांत टँकर चार वेळा आला होता.

साहेब अकराच्या सुमारास आले. सोबत कंपनीची, ठेकेदाराची माणसं. सरपंचांनी मलाही बोलावलं. चाकं धुण्याचा हौद बांधलेला होता, पण त्यात एक कुत्रं झोपलेलं. झाडांच्या पट्ट्यात रोपं हिरवीगार होती. साहेबांनी एक रोप हलकेच वर ओढलं, तर मुळाबरोबर प्लास्टिकची पिशवीही वर आली. कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

मग टँकरची वही आली. रोज तीन फेऱ्या, महिनाभर, एकाच शाईत. वही घेऊन उभा होता माझाच जुना विद्यार्थी. अक्षर मी लगेच ओळखलं. ते मीच वळण लावलेलं होतं. माझ्या कानाशी येऊन तो हळूच म्हणाला, "सर, आप कुछ मत बोलना. घर में मैं अकेला कमानेवाला हूँ."

माझ्या पिशवीत मुलांच्या वह्या होत्या. त्या बाहेर काढल्या असत्या तर नावांसकट गेल्या असत्या, आणि त्यातल्या निम्म्या मुलांचे बाप त्याच ठेकेदाराकडे कामाला. साहेबांनी विचारलं, "गुरुजी, रोज पाणी मारतात ना?" मी त्याच्याकडे पाहिलं नाही. म्हणालो, "मी रोज याच रस्त्यानं येतो. महिन्यात चार-पाचदा मारतात. आज सहाव्यांदा." त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. वह्या पिशवीतच राहिल्या.

पुढे अहवाल आला. धुळीच्या आणि झाडांच्या अटींसमोर 'अंशतः पूर्तता' असा शेरा होता. आता टँकर दिवसातून दोनदा येतो, सकाळची फेरी शाळा भरायच्या आधी. हौदावरची साय गेली नाही, पातळ झाली आहे. अम्मी कपडे एकदाच झटकते.

त्या मुलाला मात्र कामावरून बसवलं. खोट्या नोंदी कुणाच्या सांगण्यावरून झाल्या, हे सगळ्यांना माहीत होतं, पण अक्षर त्याचं होतं. मी दोन ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाकला. एका ठिकाणी जमलं. सध्या तो बल्लारपूरला एका दुकानात हिशेब लिहितो. जुम्याला मशिदीत दिसतो. सलाम करतो. पूर्वी हात हातात घेऊन अम्मीची तब्येत विचारायचा. आता सलाम करून चपला शोधायला वाकतो.