भाईंदरचे थर

मागच्या श्रावणात बहिणीकडे भाईंदरला गेलो होतो. खाडी आणि मिठागरांच्या शेजारचे हे गाव आता मोठे शहर झाले आहे. 2002 साली तेथे महानगरपालिका आली.

रात्री भाच्याने गोविंदा पथकाचा सराव पाहायला नेले. खाली दणकट गड्यांचे कडे, त्यांच्या खांद्यांवर दुसरा थर, मग तिसरा. भाचा चौथ्या थरावर चढला आणि इकडे माझेच पाय लटपटू लागले. एवढ्यात खालच्या एकाचा खांदा हलला. त्याने हाक देताच सगळे मुकाट्याने उतरले.

"भीती नाही वाटत?" मी विचारले.

"वाटते की मामा! ज्याला वाटत नाही, त्याला आमचे दादा वर चढवत नाहीत."

भीती वाटली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात एक द्रव सोडतात. छाती धडधडते, तळहात घामेजतात, पण अंग सावध होते. 2015 साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळ ठरवले. पुढे 2017 साली 14 वर्षांखालील मुलांना थरात घेणार नाही, अशी हमी उच्च न्यायालयात दिली. शिरस्त्राण आणि दोर ही भीतीचीच देणगी.

शेतकरी बंधूंनो, मळणी यंत्रात पेंढी सारणारा नवखा हात जपून चालतो. सरावलेला हात बेफिकीर होतो आणि तोच सापडतो. नोकरीत असे हात मी पाहिले आहेत. म्हणून थोडी भीती जवळ असू द्या. ती भित्रेपणा नव्हे, राखण आहे.