सुई तर टोचलीच आहे

प्रिय परफ्युजन एमआरआय हिस,



‘एमआरआय काढला’ म्हटलं की सातारा-सांगलीत कुठल्याही घरात कळतं. ‘डाय देऊन काढला’ म्हटलं की ऐकणारा खुर्ची जवळ ओढतो. तू त्याच्याही पुढची, पण तुझं नाव कुणी घेत नाही. आरोग्यावर लिहितो म्हणून ओळखीपाळखीचे लोक माझ्याकडे फायली घेऊन येतात. मेंदूत गाठ निघालेल्यांच्या त्या फायलींत सगळं असतं, फक्त तू नसतेस. म्हणून हे पत्र.

डाय देऊन काढलेल्या चित्रात कडेनं चमकणारी, मधे काळपट अशी गाठ दिसते आणि रिपोर्टात शक्यतांची रांग लागते: ग्लायोब्लास्टोमा, दुसऱ्या अवयवातून पसरलेला कॅन्सर, लिम्फोमा, पू, टीबीची गाठ, पट्टकृमीच्या अळीची गाठ. परदेशी पुस्तकांत टीबी या रांगेत शेवटी उभा असतो, आपल्याकडे त्याला पुढे घ्यावं लागतं. यातल्या एकाला कवटी उघडावी लागते, दुसऱ्याला कित्येक महिने गोळ्या पुरतात. नातेवाइकांना वाटतं, चमकतंय म्हणजे कॅन्सर. चमकेचा अर्थ खरं तर एवढाच की तिथल्या रक्तवाहिन्यांची भिंत गळकी झाली आहे आणि डाय बाहेर आला आहे. टीबीतही तो येतो.

तू वेगळंच विचारतेस: इथे रक्त किती आहे? डॉ. ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं होतं की स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या उभ्या केल्याशिवाय गाठ काही मिलिमीटरांपलीकडे वाढू शकत नाही. आक्रमक गाठ या वाहिन्या भराभर आणि वेड्यावाकड्या उभ्या करते. तू त्यांचाच हिशोब मांडतेस.

तुझी रीत मला फार आवडते. हाताच्या शिरेत जरा जाड सुई, प्रेशर इंजेक्टरनं सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगानं गॅडोलिनियमचा डाय आणि त्याच्या मागोमाग सलाइन. पुढची दीड-दोन मिनिटं, साधारण दर दीड सेकंदाला, सगळ्या मेंदूचं एकेक चित्र. औषधाचा लोंढा वाहिन्यांतून जाताना तिथला सिग्नल खाली पडतो, लोंढा सरला की वर येतो. कोयनेतून विसर्ग सोडला की सांगलीकर आयर्विन पुलाखालचं पाणी मोजत बसतात: कधी चढलं, किती फूट चढलं, कधी उतरलं. मेंदूच्या प्रत्येक ठिपक्याशी तू अशीच मोजपट्टी लावून बसतेस, फक्त तुझा आलेख उलटा. पाणी उतरायचं नाव घेत नसेल तर ते शेतांत शिरलं, हे आम्ही ओळखतो. मेनिंजिओमात तुझा आलेख असाच खाली अडकतो, कारण त्याच्या वाहिन्यांना मेंदूतल्या वाहिन्यांसारखी बंदिस्त भिंतच नसते. लिम्फोमात रक्त बेताचंच असतं आणि आलेख पुष्कळदा मूळ रेषेच्याही वर जातो.

मेंदूच्या दुसऱ्या बाजूचा निरोगी भाग एक धरायचा आणि गाठीतलं रक्त त्याच्या किती पट, ते सांगायचं. ग्लायोब्लास्टोमात हा आकडा चढा येतो. टीबीच्या किंवा पुवाच्या पोकळीच्या मधल्या भागात तो पडलेला असतो. मला सर्वांत चतुर वाटते ती तुझी गाठीबाहेर बघण्याची सवय. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठीभोवती असते ती नुसती सूज, तिथे रक्त कमी. ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी मात्र त्या सुजेतही घुसलेल्या असतात, म्हणून तिथलाही आकडा वाढलेला सापडतो. आणि रेडिएशन घेऊन झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा काहीतरी चमकू लागतं, तेव्हा गाठ परत आली की रेडिएशननं तो भाग मेला, हे साध्या चित्रावरून ठरवणं कठीण. घरच्यांची झोप उडवणारा हा प्रश्न. तिथे रक्त वाढलेलं नसेल, तर डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनची घाई करत नाहीत.

तुझं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो, तेही सांगतो. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या गाठींच्या, १६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १.७५ पट ही रेघ धरली तर वरच्या श्रेणीच्या गाठींपैकी ९५ टक्के तुझ्या हाती लागल्या. पण खालच्या श्रेणीच्या गाठींना तशाच म्हणून ओळखण्याचं प्रमाण ५७.५ टक्के, म्हणजे नाणं उडवण्याहून थोडं बरं. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा तर खालच्या श्रेणीचा असला तरी रक्तानं भरलेला असतो आणि तुला सहज चकवतो. शिवाय २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीचं नाव ठरवायला आयडीएचसारख्या जनुकांतले बदल बघावे लागतात. त्यासाठी तुकडा लागतोच.

मग माझं गाऱ्हाणं काय? जतचा किंवा दहिवडीचा माणूस फिट आली म्हणून जवळच्या शहरात स्कॅन काढतो. गाठ दिसते, डाय दिला जातो. पुढे पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात फाइल उघडते आणि ‘परफ्युजन नाही केलं?’ असा प्रश्न येतो. पुन्हा रांग, पुन्हा किडनीसाठी क्रिएटिनिनची तपासणी, पुन्हा सुई, पुन्हा डाय. पहिल्या वेळीच तोच डाय इंजेक्टरनं वेगात दिला असता आणि दोन मिनिटं जास्त घेतली असती, तर तू फाइलमध्ये असतीस. इंजेक्टर हवा, दीड टेस्लाचं तरी मशीन हवं, आकडे काढणारं सॉफ्टवेअर आणि ते वाचणारं माणूस हवं, हे मान्य. कमी ताकदीच्या मशीनवर तू नीट उमटत नाहीस. पण जिथे हे सगळं आहे, तिथेसुद्धा चिठ्ठीवर कुणी तुझं नाव लिहीत नाही. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आसपासचे जिल्हेच काय, कर्नाटकातलेही रुग्ण या गावात येतात. अशा मुलखात हे जमू नये याचं मला नवल वाटतं.

तुला सांगून काय होणार, पण पत्र अनावृत आहे, चिठ्ठी लिहिणारेही वाचतील. त्यांना आणखी एक विनंती: लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची तब्येत थांबू देत असेल, तर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची घाई नको. त्यानं ती गाठ विरघळल्यासारखी लहान होते, मग तुकडा काढूनही हाती काही लागत नाही.

कळावे, लोभ असावा.

कृष्णाकाठचा एक लेखक

ता. क. १९९२ पासून तुझी एक धाकटी बहीण आहे, एएसएल. ती सुई टोचत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यालाच चुंबकानं खूण करते आणि पावणेदोन-दोन सेकंद थांबून ते मेंदूत कुठे पोचलं ते बघते. किडनीच्या रुग्णांना आणि लहान मुलांना ती जास्त सोयीची. कवटीच्या तळाशी, हवेच्या पोकळ्यांजवळ किंवा जुना रक्तस्राव असेल तिथे तुझं चित्र वेडंवाकडं येतं. अशा वेळी तिलाही सोबत घेऊन ये.