खरी शस्त्रपूजा

या ब्लॉगवर आजवर शाळा, पाऊस, भातशेती, नातवंडं असेच विषय आले. रिव्हॉल्व्हर हा काही मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मास्तराचा विषय नव्हे! पण आमच्या महाड-पोलादपूर भागाला शस्त्र अगदी परकंही नाही. घरटी सैनिक देणारं म्हणून ओळखलं जाणारं फौजी आंबवडे आमच्याच तालुक्यात आहे. आणि आमच्या तुडीलच्या घरातही एक फौजी आहेत, माझे थोरले बंधू. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात.

दादा १९६३ साली भरती झाले आणि १९९१ साली सुभेदार म्हणून निवृत्त झाले. पुढे बरीच वर्षं मुंबईत रोकड नेणाऱ्या गाडीबरोबर रक्षक होते. त्या नोकरीसाठी परवाना काढून त्यांनी कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. सरावाखेरीज त्यातून एकदाही गोळी झाडावी लागली नाही. तरी दर रविवारी सकाळी त्याची सफाई मात्र चुकली नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, पहार, नांगराचा फाळ सगळं ओटीवर मांडून हळदकुंकू आणि झेंडूची फुलं वाहतात. दादा रिव्हॉल्व्हर त्या रांगेत ठेवू द्यायचे नाहीत. वहिनींना हे अशुभ वाटे. दादा म्हणत, "अगं, ओलं कुंकू आणि फुलांचं पाणी म्हणजे गंजाला आमंत्रण. त्याची पूजा मी सकाळीच केलीय."

मी मास्तर असल्यामुळे यावर विचार करत बसलो. मराठ्यांच्या फौजा पावसाळाभर छावणीत असत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. चार महिने दमट हवेत पडलेलं लोखंड आदल्या दिवशी बाहेर काढणं, पुसणं, धार बघणं, तेल देणं हे ओघानंच आलं. खंडेनवमीच्या पूजेत हीच देखभाल दडलेली असावी. फुलं राहिली, पुसणं मागे पडलं. पाटीपूजनाचंही तेच झालंय म्हणा. सरस्वती काढायची आणि पुस्तक परत कपाटात!

आता दादांची पूजा कशी असे ते सांगतो. आधी सगळ्या गोळ्या काढून मोजायच्या आणि दुसऱ्या खोलीत ठेवायच्या. मग सिलिंडरची सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोट लावूनही तपासायची. "रिकामं आहे असं वाटतं" हे वाक्य त्यांना चालत नसे. सरावाहून आल्यावर पितळी ब्रश नळीतून फिरवायचा. रिव्हॉल्व्हरची नळी पुढूनच साफ करावी लागते, म्हणून सळईनं तोंडाची कड घासली जाऊ नये याची काळजी. त्यानंतर सुती चिंदी, ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत. सिलिंडरच्या पुढच्या बाजूला काजळी धरते, ती पुसायची. मागे रिकामी टरफलं बाहेर ढकलणारी चांदणीसारखी पट्टी असते. तिच्याखाली दारूचा एखादा न जळलेला कण अडकला तरी सिलिंडर अडखळतं, ऐन वेळी चाप ओढला जात नाही. तिथे ते जुना दातांचा ब्रश वापरत.

शेवटी तेल, पण नावापुरतं. मला वाटे, जितकं जास्त तितकं चांगलं. दादा म्हणाले, "मास्तर, जास्त तेल धूळ धरतं. आणि घरांत साचलेलं तेल गोळीच्या बुडाच्या टोपीत झिरपलं तर ठिणगीच पडत नाही." खोबरेल तर नाहीच, ते थंडीत गोठतं आणि जुनं झालं की चिकट होतं. चामड्याच्या म्यानातही शस्त्र कायमचं ठेवायचं नाही. चामडं ओल धरून ठेवतं. कुलूपबंद पेटीत कोरडं फडकं आणि औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, बस्स. बोटांच्या घामाचे ठसेसुद्धा पुसायचे.

आमचं गाव खाडीपट्ट्यातलं. चार महिने पाऊस आणि खाडीची खारी हवा. दादा सांगत, जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसांमुळे नळीत क्षार उरायचे आणि ते हवेतली ओल ओढून गंज धरवायचे. म्हणून इंग्रजी अमदानीपासून सैनिक नळीत उकळतं पाणी ओतून मग ती सुकवून तेल देत. मीठ आणि ओल, कोकणातल्या लोखंडाचे जुनेच वैरी!

साफ झालेली नळी तपासायची त्यांची रीत साधी होती. सिलिंडर उघडायचं, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरायचं, नखावरून परतलेल्या उजेडात पुढून आत बघायचं. गेल्या वर्षी एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "जरा बघ रे, चकाकतंय का?" त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार बळावला होता आणि हातही थरथरू लागला होता. मी बघितलं. नळी आरशासारखी होती. तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुझ्या डोळ्यांनी माझं शस्त्र किती दिवस राखणार?"

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली, की ते वारसाकडे देण्यासाठी अर्ज करता येतो. वारसालाही अर्थात रीतसर परवाना लागतोच. पुतण्याला रिव्हॉल्व्हर हवं होतं. वडिलांची आठवण, शिवाय चारचौघांत थोडी शानही! दादांनी एकच अट घातली, "सहा रविवार इथे ये आणि माझ्यासमोर साफ कर." तो एकदाच आला. नोकरी डोंबिवलीची, मुलांचे क्लास... त्याला दोष देता येणार नाही. दादांनी दिलाही नाही. एवढंच म्हणाले, "ज्याला पुसायला वेळ नाही, त्याच्या घरात हे असणं धोक्याचं. आज गंज धरेल, उद्या कुलूप विसरेल."

वहिनी गप्प होत्या. पुतण्या थोडा रागावला, अजूनही त्याचा फोन कमी येतो. दादांनी रीतसर कागदपत्रं करून रिव्हॉल्व्हर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केलं. नेण्याच्या आदल्या रात्री त्यांनी ते पुन्हा साफ केलं. मी विचारलं, "आता कशाला?" तर म्हणाले, "दुसऱ्याच्या हातात मळकं द्यायचं?"

मला वाटतं, एखादी वस्तू आपली आहे हे कागद ठरवत नाही. तिच्यासाठी आपण दर आठवड्याला अर्धा तास काढतो का, यावर ते ठरतं. आणि तो अर्धा तास जमेनासा झाला की ती सोडून देणं, हाही त्या देखभालीचाच शेवटचा भाग.

यंदा खंडेनवमीला फुलं वाहण्याआधी तुमच्या घरातली एखादी विळी किंवा शिवणयंत्र पुसून, तेल देऊन बघा. कसं वाटलं ते जरूर कळवा.