बेंटचा किल्ला

कोलोरॅडोतला बेंट्स ओल्ड फोर्ट मनातून जात नाही. १८३३च्या सुमारास आर्कान्सा नदीकाठी, सांता फेच्या वाटेवर बेंट बंधू आणि सेरान सेंट व्रेन यांनी कच्च्या विटांनी तो बांधला. तोफांपेक्षा इथे व्यापाराला मान होता. इथले मूळनिवासी शायान, अरापाहो लोक बायसनची कातडी आणत, कापड-भांडी नेत. विल्यम बेंटची पत्नीही शायानच.

१८४९ मध्ये बेंटने किल्ला सोडला, भिंती ढासळल्या. अमेरिकी लष्करातल्या लेफ्टनंट अ‍ॅबर्टने १८४६ साली काढलेल्या चित्रांच्या आधारे १९७६ मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या. १८६४ साली कोलोरॅडोतच सँड क्रीकला अमेरिकी सैन्याने कापून काढलेली शायान-अरापाहो माणसं मात्र कुणाला परत आणता येणार नाहीत. वसाहतकारांच्या धाडसाचं कौतुक करताना, ज्यांची भूमी गेली त्यांचंही नाव त्याच दमात घ्यायला हवं.