पिल्लू कशानं गेलं?

जर्मनीत आज बॉन शहराचा भाग असलेल्या ओबरकासेल इथं १९१४ साली दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एक थडगं सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत जनावरांची काही हाडं होती. थडगं सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचं. त्या हाडांतली काही पाळीव कुत्र्याची आहेत हे ध्यानात यायला पुढं कित्येक दशकं गेली. २०१८मध्ये त्या कुत्र्याच्या दातांचा बारकाईनं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचं आयुष्यच उलगडलं. ते जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू होतं. त्याच्या दातांच्या कवचावर आडव्या खाचा होत्या. दात तयार होत असताना जनावर जबर आजारी पडलं, की अशा खाचा उमटतात. त्यांवरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला बहुधा डिस्टेंपर झाला होता आणि ते दुखणं पुन्हा पुन्हा उलटलं होतं. या रोगात ताप चढतो, ओकाऱ्या आणि जुलाब होतात, झटकेही येतात. पिल्लू उठून पाण्यापर्यंत जात नाही. तरीही ते कित्येक आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी त्याला उबेत ठेवलं, पुसून काढलं, पाणी पाजलं. शिकारीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. गेल्यावर मात्र ते माणसांच्या शेजारी पुरलं गेलं.

इतक्या जुन्या पिल्लाच्या दुखण्याचा माग लागू शकतो आणि आपल्याकडं आज पहाटे गेलेल्या पिल्लाचा लागत नाही, याचं कारण विज्ञानाची उणीव हे नव्हे. आपण विचारतच नाही. ‘काल संध्याकाळपर्यंत छान खेळत होतं’ हे वाक्य अशा प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि दुपार व्हायच्या आत खड्डा खणून, मीठ घालून, माती लोटून झालेलीही असते. माझं म्हणणं एवढंच आहे, की पिल्लू का गेलं हे शोधायचा प्रयत्न दुःखापासून वेगळा काढू नये. घरातल्या माणसांना सावरण्याच्या कामातलाच तो एक भाग आहे, आणि बहुतेक घरांत नेमका तोच राहून जातो.

यावर पहिली हरकत अशी, की दोन-अडीच महिन्यांच्या जिवासाठी एवढं कशाला? घरात येऊन धड पंधरा दिवस झाले नव्हते. ही हरकत घेणाऱ्यांनी पिल्लाचं वाढणं जवळून पाहावं. जन्मतः ते आंधळं आणि बहिरं असतं. डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, कान तिसऱ्या आठवड्याच्या आसपास; मग दुधाचे दात यायला लागतात, ते एकूण अठ्ठावीस. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा, की आपलं कोण आणि परकं कोण, कशाला भ्यायचं आणि कशाला नाही, हे त्याच्या मनात कायमचं ठरतं. नेमकं याच काळात ते आपल्या घरात येतं. ‘यू यू’ म्हटलं की पाय घसरत धावत यायचं, दुधाच्या ताटलीत पुढचा एक पाय बुडवूनच प्यायचं, पोट टम्म झालं की ताटलीशेजारीच आडवं व्हायचं, आणि झोपेतही चारी पाय हलवत कुठंतरी पळत राहायचं. घर तेवढ्या दिवसांत त्याच्याभोवती फिरून नव्यानं लागतं. चपला कपाटावर चढतात, फरशीवर वर्तमानपत्रं पसरतात, रात्री दोनला कुईकुई ऐकून उठायचं कुणी याची पाळी ठरते. त्या पंधरा दिवसांत पिल्लाचं अर्धं शिकणं झालेलं असतं आणि घरातल्यांची अर्धी झोप गेलेली असते. तेव्हा सहवास थोडा म्हणून दुःख थोडं, हा हिशेब इथं लागू पडत नाही. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली समाजाची मान्यता नसलेल्या दुःखाची कल्पना मांडली. भोवतालच्या लोकांना जे दुःख दुःखच वाटत नाही, ते भोगणारा माणूस एकटा पडतो. पिल्लाचं सुतक नसतं, भेटायला कुणी येत नाही, कामावर रजा मागायची सोय नसते, आणि रडणाऱ्या मुलाला सांगितलं जातं, ‘दुसरं आणू.’

बोलता न आलेलं दुःख मग दोष शोधत फिरतं. आंघोळ घातली म्हणून गेलं का? चिकनचं हाड कुणी टाकलं? धाकट्यानं कडेवरून पाडलं होतं ना परवा? आजीनं गाईचं दूध पाजलं होतं. शेजाऱ्यांना त्याचं केकाटणं खपत नव्हतं, त्यांनीच काहीतरी घातलं असणार. खरं कारण ठाऊक नसलं, की घरातलं प्रत्येक माणूस संशयित होतं, आणि सगळ्यांत मोठा संशय ज्याचा त्याच्यावर असतो. पशुवैद्यकाला जे ठाऊक आहे ते या घरांना ठाऊक असतं, तर यांतले कितीतरी आरोप तिथल्या तिथं गळून पडले असते. पिल्लांना रक्ताचे जुलाब घडवणारा पार्व्हो विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे काल घातलेल्या आंघोळीनं आज पार्व्हो होत नाही, आणि पिल्लू घरी येऊन चार दिवसच झाले असतील तर ते बहुधा तो घेऊनच आलेलं असतं. अंकुशकृमी आईच्या दुधातून पिल्लाच्या पोटात जातात आणि आतल्या आत रक्त पितात. हिरड्या पांढऱ्या पडल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. काही पिल्लांचं हृदय किंवा यकृताच्या रक्तवाहिन्या जन्मतःच सदोष असतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. अगदी लहान चणीच्या जातींत एक-दोन वेळचं खाणं चुकलं तरी रक्तातली साखर उतरून पिल्लू कोसळतं. मण्यार चावल्याची खूण केसांत सापडत नाही, सूजही फारशी येत नाही. अंगणातल्या कण्हेरीचं पान थेट हृदयावर परिणाम करतं. आणि रक्त गोठू न देणारं उंदराचं विष खाल्ल्यावर जनावर लगेच मरत नाही, दोन-चार दिवसांनी आतून रक्तस्राव होतो. म्हणून ‘काल रात्री शेजाऱ्यानं घातलं’ हा तर्क अशा वेळी बसतच नाही.

लस टोचली होती तरी गेलं, याचाही उलगडा आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सुरुवातीचे काही आठवडे वाचवते, पण तीच लसीलाही निकामी करते. ती ओसरत जाते तेव्हा मध्ये काही दिवस असे येतात, की रोग थोपवायला ती अपुरी पडते आणि लस लागू पडू न देण्याइतकी मात्र उरलेली असते. हे दिवस प्रत्येक पिल्लाचे वेगळे. म्हणूनच लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा द्यायची, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर, असं पशुवैद्यक सांगतात. पहिल्या लसीनंतर गेलेल्या पिल्लाच्या मालकानं हयगय केली असं म्हणता येत नाही. बरेचदा त्यानं सगळं वेळेवर केलेलं असतं आणि पिल्लू त्या फटीत सापडलेलं असतं.

कारण शोधल्यानं काय होतं, याचं सगळ्यांत ठळक उदाहरण १९७८चं आहे. त्या सुमारास अमेरिकेत, युरोपात, ऑस्ट्रेलियात धडधाकट पिल्लं एकाएकी मरू लागली. काहींना रक्ताचे जुलाब होत होते, पण काही अशी, की तीन ते आठ आठवड्यांचं पिल्लू आईला पिता पिता किंवा भावंडांशी खेळता खेळता धाप लागून काही मिनिटांत संपत होतं. एकाच वेताची निम्मीअधिक पिल्लं अशी गेल्याच्या नोंदी आहेत. कुत्री पैदा करणाऱ्यांनी खाण्याला, पाण्याला, हवेला, स्वतःला दोष दिला असेल. उत्तर मिळालं ते शवविच्छेदनातून. हृदयाचे स्नायू फिकट पडलेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींत विषाणूच्या खुणा. हा नवा विषाणू म्हणजेच पार्व्हो; तो मांजरांच्या एका जुन्या विषाणूचा जवळचा नातेवाईक निघाला. तोपर्यंत कुत्र्यांची त्याच्याशी गाठच पडली नसल्यानं आयांकडं प्रतिकारशक्ती नव्हती, म्हणून पिल्लांच्या वाढत्या हृदयावर त्याचा घाला पडत होता. कॉर्नेल विद्यापीठात लेलंड कार्मायकल आणि मॅक्स ॲपेल यांनी थोड्याच काळात लस तयार केली. आज हृदयाचा तो प्रकार दुर्मीळ झाला आहे, कारण आता बहुतेक आया लसीमुळं किंवा आधीच्या संसर्गामुळं आपली प्रतिकारशक्ती पिल्लांना देतात. ज्या लोकांनी त्या वर्षी आपलं मेलेलं पिल्लू पुरून न टाकता उचलून प्रयोगशाळेत नेलं, त्यांचं हे देणं आहे.

आपल्याकडं आणखी एक समजूत आहे, की घरावर येणारं संकट मुक्या जनावरानं आपल्या अंगावर घेतलं. मला या समजुतीबद्दल अनादर नाही. अर्थ न लागणाऱ्या मरणाला ती अर्थ देते, आणि जाणाऱ्या जिवाला मान देते. पण तिनं प्रश्न मिटतो, आणि कारण मात्र तिथंच राहतं. पार्व्होचा विषाणू अंगणातल्या मातीत, फरशीच्या सांध्यांत, पिल्लू झोपायचं त्या पोत्यात महिनोन् महिने, कधी वर्षभरही टिकतो. फिनेलनं, स्पिरिटनं तो भरवशानं मरत नाही, ब्लीचिंगच्या द्रावणानं मरतो. हे न कळल्यानं रिकामं घर बघवत नाही म्हणून महिन्याभरात दुसरं पिल्लू आणलं जातं, त्याच कोपऱ्यात त्याच पोत्यावर झोपतं आणि आठवड्यात जातं. घराला मग कुत्रं लाभत नाही असं ठरतं. आपल्या परंपरेत मात्र पिल्लाबद्दलचा प्रश्न असा मिटवलेला नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजय राजाच्या सत्रात, म्हणजे यज्ञात, शिरलेल्या सरमा नावाच्या कुत्रीच्या पिल्लाला राजाचे भाऊ बडवतात. सरमा तिथं येऊन विचारते, की यानं हविर्द्रव्याला तोंड लावलं नाही, त्याकडं पाहिलंही नाही, मग का मारलंत? कुणीच उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते, की ध्यानीमनी नसलेलं भय तुमच्यावर येईल. राजा त्या शापानं घाबरतो आणि त्याच्या निवारणासाठी पुरोहित शोधत हिंडतो. एका कुत्रीनं पिल्लाबद्दल विचारलेला प्रश्न आपल्या महाकाव्यानं इतक्या गांभीर्यानं घेतला आहे.

शवविच्छेदन म्हणजे विटंबना, ही हरकत मी समजू शकतो. कालपर्यंत मांडीवर झोपणाऱ्या जिवावर सुरी चालावी हे सहन होत नाही. पण ते काम डॉक्टर करतात, उघडलेलं शरीर शिवतात, आणि आधी सांगून ठेवलं तर संसर्गाचा धोका नसताना ते पुरायला परतही मिळू शकतं. सोय नाही, हेही पूर्ण खरं नाही. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि विकृतिशास्त्र तिथं शिकवलं जातं. लांबच्या तालुक्यातल्या माणसाला ते जमणार नाही, हे मान्य; त्यानं निदान जवळच्या पशुवैद्यकाला दाखवून, उलटी-शीचा रंग, हिरड्या, खाल्लेलं-प्यालेलं सांगून मत घ्यावं. ज्याला जमेल त्यानं वेळ घालवू नये, आपल्या उन्हाळ्यात शरीर काही तासांत आतून बिघडतं. ते बर्फाच्या पिशव्यांत किंवा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, फ्रीजरमध्ये नाही. गोठल्यानं पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाला काही उरत नाही. आणि एका बाबतीत तर हा प्रश्न मनाचा राहतच नाही. पिल्लू विचित्र वागून, लाळ गाळत, लुळं पडत किंवा कारण न कळता गेलं असेल आणि त्याचे दात कुणाला लागले असतील, किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली असेल, तर जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज पिल्लांनाही होतो. तपासणीच्या अहवालाची वाट पाहत घरी बसू नये.

खरी अवघड हरकत शेवटची. उत्तरात आपलीच चूक निघाली तर? कधी निघते. जंताचं औषध दिलं नव्हतं, उंदराचं विष हाती लागेल असं ठेवलं होतं, मरगळलेलं दिसूनही उद्या नेऊ म्हटलं होतं. अशा वेळी दुःख वाढतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी एका नेमक्या चुकीचं ओझं शंभर संशयांपेक्षा हलकं असतं, कारण ती चूक पुन्हा न करणं आपल्या हातात असतं. संशयाचं काहीच करता येत नाही. कधी उत्तर मिळतही नाही. सगळं तपासून डॉक्टर म्हणतात, कारण सापडलं नाही. पण ‘विष नाही, मार नाही, पार्व्हो नाही’ एवढं कळणंही थोडं नव्हे. ज्या मुलाला वाटत होतं की आपण पाडल्यामुळं ते गेलं, त्याला त्या ‘मार नाही’नं जे मिळतं ते दुसऱ्या कशानं मिळत नाही. मुलांशी बोलताना ‘झोपलं’, ‘गावाला गेलं’ असं काही सांगू नये. मेलं, आजारी होतं, आपल्याला ते बाहेरून दिसलं नाही, आणि तुझ्यामुळं नाही, हे शब्द मुलांना पेलतात.

आणि ज्यांच्या घरी हे आता घडलं आहे त्यांना एक विनंती. पिल्लू जिथून आणलं तिथं आजच फोन करा, आणि कशानं गेलं ते कळलं असेल तर तेही सांगा. त्याची भावंडं दुसऱ्या घरांत असतील, आणि त्यांच्यावर अजून उपचार होऊ शकतात.