लॉफ्टला मराठीत काय म्हणायचं?

"सर, लॉफ्टला मराठीत काय म्हणतात?"

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन होता. मी नववीच्या वह्या तपासत बसलो होतो. सहज म्हणालो, "पोटमाळा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "सर, चार कोटी चाळीस लाखांना पोटमाळा कोण घेईल?"

ही मुलगी भिवंडीच्या आमच्या उर्दू शाळेत माझ्याकडे मराठी शिकली. वडील यंत्रमागावर होते. तिने बीकॉम केलं, आता मुंबईत जागा विकणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. लोअर परळच्या एका बंद गिरणीचं गोदाम दुरुस्त करून त्यात सहा लॉफ्ट काढले आहेत. पाच विकले गेले, एक उरला आहे. त्याची मराठी जाहिरात मी नजरेखालून घालावी, एवढीच तिची विनंती होती. गिरणीचं नाव ऐकलं आणि मी म्हणालो, "तपासतो बेटा, पण आधी जागा बघू दे."

त्या गिरणीच्या कापड गोदामात माझे अब्बा बदली कामगार होते. ताग्यांच्या गाठी बांधून आल्या की त्यांवर शाईने मार्का आणि नंबर टाकायचं त्यांचं काम. आम्ही मूळचे महाडकडचे. भायखळ्याच्या चाळीत पागडीची दहा बाय बाराची खोली, तिथून अब्बा चालत कामावर जायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. अब्बांना नंतर कुणी परत बोलावलं नाही. बदलीवाल्याला कोण बोलावतं? पुढे ते भिवंडीच्या एका कारखान्यात हिशेब लिहायला जाऊ लागले, आणि मी शिक्षक होऊन त्याच गावात पोचलो.

रविवारी लोअर परळला उतरलो. स्टेशनबाहेरची गर्दी आता वेगळी आहे, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या पोरापोरींची. पण पुलावरून खाली येताना वडापावची गाडी आणि त्याच्या बाजूला चपला शिवणारा बसलेलाच होता. गोदामाच्या दारात विद्यार्थिनी उभी होती. तिने सवयीने आधी "अस्सलामु अलैकुम सर" म्हटलं, मग वॉचमनकडे बघून आवाज खाली घेतला. तिच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाची फक्त पहिली दोन अक्षरं आहेत. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "सर, पूर्ण नाव सांगितलं की काही गिऱ्हाईकं साइट व्हिजिटच रद्द करतात." स्वतः मुंब्र्यात घर शोधताना मी काय काय ऐकलं आहे, ते आठवलं. पण तो या लेखाचा विषय नाही.

जागा देखणी आहे, हे कबूल करायला हवं. अकराशे चौरस फूट. उघड्या विटांच्या भिंती, सागवानी तुळया, बिडाचे खांब, वीसेक फूट उंच छत आणि पूर्वेला तीन भल्यामोठ्या खिडक्या. जाहिरातीत लिहिलं होतं, "शंभर वर्षांपूर्वीचा मूळ नैसर्गिक प्रकाश." मला हसू आलं. गिरणीच्या गोदामाला खिडक्या ठेवतच नसत. कापूस आणि कापड पेटायची भीती असायची, म्हणून गोदाम खात्यांपासून वेगळं बांधायचं, जाड भिंती, लोखंडी दारं, आणि वर हवेपुरते झरोके. उजेड हवा असायचा तो साळखात्यात. तिथलं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर उत्तरेकडे काचा ठेवून बांधायचे, म्हणजे ऊन थेट साच्यांवर येत नाही आणि सूत दिसतं. अब्बा उन्हाळ्यात घरी यायचे ते अंधारातून बाहेर आल्यासारखे डोळे बारीक करून. या खिडक्या परवाच्या आहेत. मी ते वाक्य खोडलं. तिने थोडं कुरकुरत मान्य केलं.

मग तिने मला आतल्या भिंतीकडे नेलं. विटांवर पांढऱ्या रंगाचा एक जुना पट्टा, त्यावर काळ्या अक्षरांत उर्दू, आणि त्यावर काच बसवून खास दिवा लावलेला. वरच्या बाजूला मराठी ओळ होती, ती एसीचा पाइप टाकताना गेली. "सर, डिझायनरने मुद्दाम जपलंय. परवा एक बाई विचारत होत्या, कुणाचा शेर आहे?" तिने अर्थात वाचलं होतं, पण बाईंना सांगायचं धाडस झालं नव्हतं. लिहिलं होतं: बिडी, माचिस अंदर लाना मना है.

आम्ही दोघं इतके हसलो की वॉचमन आत डोकावला.

हसून झाल्यावर मात्र मी त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिलो. अब्बा रोज हे वाचून आत जात असतील. बिडी ते ओढत नव्हते, पण त्यांच्या सदऱ्याला शाईचा आणि खळीचा वास असायचा.

जाहिरातीत आणखी एक वाक्य होतं: "जिथे सारे धर्म, सारी माणसं एकत्र राबली, त्या वारशाचे मालक व्हा." हे मी खोडलं नाही, तिला फक्त एक गोष्ट सांगितली. साळखात्यात मराठा होते, आपले मोमीन होते, पण दलितांना तिथे घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा, तो बाटेल म्हणून. त्या खात्यात पगार जास्त होता. बाबासाहेबांनी संपाच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला होता. आपले लोक त्यात गप्प बसणाऱ्यांपैकीच होते. ती म्हणाली, "सर, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं?" शिकवणारा समोर मीच होतो.

मी काही रडका माणूस नाही. गिरणी गेली याचं अब्बांनाही फारसं दुःख नव्हतं. "नरकाची भिंत पडली तर कोण रडेल?" असं ते म्हणायचे. त्यांचं दुखणं जमिनीचं होतं. १९९१ च्या नियमात गिरणीची जमीन तीन हिश्श्यांत वाटायची होती: एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. इमारतींखालची सगळी मालकांकडे. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. म्हणजे मी ज्या फरशीवर उभा होतो, तिच्याखालची एक इंचही जमीन कुणा कामगाराच्या घरासाठी मोजली गेली नव्हती. कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले. त्यात एक अब्बांचा. २०१२ ला सोडत निघाली, त्यांचं नाव नव्हतं. २०१४ ला ते गेले. आता शेलू-वांगणीकडे घरं देण्याच्या गोष्टी चालू असतात. तो अर्ज अजून अम्मीच्या पेटीत आहे.

निघण्याआधी तिने मला लोखंडी जिन्याने वर नेलं. छताखाली लाकडी तक्तपोशी, त्यावर गादी आणि वाचायचा दिवा. "हे याचं खास आकर्षण, सर. मेझनिन." मी उभा राहिलो तर डोकं तुळईला लागलं. मग बसलो. भायखळ्याच्या खोलीत अब्बांनी असाच माळा घालून घेतला होता, चार फूट उंचीचा. खाली पाहुणे, स्टोव्ह, बहिणींची भांडणं. वर मी. बी.एड.चा सगळा अभ्यास मी त्या माळ्यावर पालथं पडून केला. इथे दर चाळीस हजार रुपये चौरस फूट आहे. मी मनात हिशेब केला: आमची आख्खी खोली अठ्ठेचाळीस लाखांची झाली, माळा फुकट.

"मग काय लिहू, सर?"

"लॉफ्टच लिही," म्हटलं. "पोटमाळ्यावर झोपलेला माणूस हे विकत घेणार नाही, आणि घेणाऱ्याला पोटमाळा म्हणजे काय ते कळणार नाही."

ती म्हणाली, "माझ्या वडिलांचा कारखाना बंद झाला ना सर, तिथे आता ऑनलाइन कंपनीचं गोदाम आहे. भाऊ तिथेच पॅकिंगला आहे." दोन नावं काटून दोन सुधारणा करून मी मजकूर तिच्या हातात दिला. जाहिरातीत "मोमीन, मराठा, भय्या, कोकणी कामगारांनी भरलेलं गोदाम" अशी एक ओळ मी घातली होती. छापून आली तेव्हा ती नव्हती. रागावलो नाही, तिला नोकरी करायची आहे.

संध्याकाळी भायखळ्याला अम्मीकडे गेलो. मोबाइलवरचे फोटो दाखवले. ती चष्मा लावून एकेक बघत होती. काचेतली उर्दू तिने मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "हे तर तुझ्या अब्बांच्या गोदामातलं." किंमत सांगितली. तिने फोन परत दिला, थोडा वेळ गप्प बसली आणि विचारलं, "पाणी किती वाजता येतं तिथं?"