पप्पा रजेवर आहेत
(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

‘बेकार’ हा शब्द आपण कॉलेजात किती सहज वापरतो! कॅन्टीनचा चहा बेकार, एम-थ्रीचा पेपर बेकार, होस्टेलचं पाणी बेकार आणि शेवटच्या बाकावरचा आपला जिगरी दोस्त तर एकदमच बेकार. पण घरात कमावतं माणूस एकच असेल आणि ते खरोखर बेकार झालं, की हा शब्द तोंडातून निघत नाही. आमच्या घरी सहा महिने तो कुणी उच्चारला नाही. कुणी विचारलं तर ‘पप्पा सध्या घरी असतात’ एवढंच सांगायचं, असं न ठरवता ठरलं होतं.

पप्पा नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये होते, ठेकेदाराच्या हजेरीवर. गाड्यांना लागणारे छोटे ब्रॅकेट तिथे बनायचे. अकरा वर्षं काम केलं. डाय बसवण्यात हात इतका तयार, की कंपनीचे कायम कामगारही अडलं की त्यांनाच हाक मारायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. माझी दहावी चालू होती. भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, आमच्या सगळ्या बॅचला त्याचे मार्क सरासरीने मिळाले. जूनमध्ये कंपनी पुन्हा सुरू झाली, पण ऑर्डरी निम्म्या. २९ जुलैला माझा निकाल लागला आणि ३१ जुलैला पप्पांना सांगण्यात आलं, ‘उद्यापासून येऊ नका, गरज पडली की फोन करू.’ पेढ्यांचा बॉक्स अजून संपला नव्हता.

फोन आला नाही, हे सांगायला नकोच.

पीएफमधून कोरोनासाठी म्हणून जी उचल मिळत होती, म्हणजे तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता किंवा शिल्लकेच्या ७५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते, ती पप्पांनी एप्रिलमध्येच काढली होती. ते पैसे आठवड्याभरात आले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यावर जुलैपर्यंत रेटलं. रेशनवर माणशी पाच किलो फुकट धान्य मिळत होतं, त्यामुळे पोळी-भाताची भ्रांत पडली नाही. पण तेल, गॅस, घरभाडं, मोबाईलचा रिचार्ज हे काही रेशनवर मिळत नाही. आई मास्क शिवायला लागली, एका नगाला तीन रुपये. सप्टेंबरात तिच्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या. २४ हजार मिळाले, वर्षाला १५ टक्क्यांनी. म्हणजे महिन्याला ३०० रुपये नुसतं व्याज.

नोकरी गेल्यावर सरकारी विम्यातून काही पैसे मिळतात, हे आम्हाला कळलं ऑक्टोबरात. तेही पप्पांच्या जुन्या शिफ्टमधल्या एका काकांकडून. ज्यांचे वडील कारखान्यात आहेत त्यांनी पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ नावाची कपात पाहिली असेल. म्हणजे कर्मचारी राज्य विमा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी २०२० साली तो लागू होता. दवाखाना त्यातूनच चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण १ जुलै २०१८ पासून त्यात ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ सुरू झाली होती. काम गेलं तर रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस. ऑगस्ट २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ते ५० टक्के केलं. आधी काम गेल्यावर ९० दिवस थांबावं लागायचं, ते ३० दिवसांवर आणलं. आणि अर्ज मालकामार्फत न जाता कामगाराने थेट करायचा अशी सोय झाली.

पप्पांना आधी हे पटेना. “भत्ता मागायला मी काय लाचार आहे का?” आई काही बोलली नाही. कपाटातून स्लिपांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. पगार १४,६००, कपात ११० रुपये. जुलै २०१९ च्या आधीच्या स्लिपांवर तर २५६. “अहो, हे कुणाचे कापलेत? एवढी वर्षं कापताना एक दिवस उशीर केला का त्यांनी?”

हिशेब मी केला. चार सहामाह्यांची कमाई भागिले ७३०, म्हणजे रोजचे ४८० रुपये. त्याचे निम्मे २४०, गुणिले ९०, बरोबर २१,६०० रुपये! पाटल्या जवळजवळ सुटत होत्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सायबर कॅफेत बसून अर्ज भरला, प्रिंट काढली, पप्पांनी सही केली आणि आधार, पासबुकाच्या झेरॉक्स जोडून कार्यालयात नेऊन दिली. (कुठलं कार्यालय ते लिहीत नाही.) अकरावीचे प्रवेश मराठा आरक्षणाच्या स्थगितीमुळे रखडलेले, त्यामुळे मी तशी मोकळीच होते. घरचा क्लार्क म्हणून माझी नेमणूक झाली.

आणि मग सुरू झालं वाट बघणं.

रोज सकाळी मी आईच्या फोनवर साइट उघडायची. ‘अर्ज प्रक्रियेत आहे.’ संध्याकाळी पुन्हा. ‘अर्ज प्रक्रियेत आहे.’ डिसेंबरपर्यंत पप्पांच्या चार खेपा झाल्या. खिडकीवरचे गृहस्थ वाईट नव्हते, एकदा तर त्यांनी पप्पांना बसायला खुर्ची दिली. पण उत्तर एकच, ‘सिस्टिममध्ये पेंडिंग दाखवतंय, पंधरा दिवसांनी या.’ का पेंडिंग आहे ते त्यांच्या पडद्यावर दिसत नव्हतं, की दिसत असून सांगायचं नव्हतं, देव जाणे.

तुम्ही म्हणाल, उशीर तर सगळीकडेच होतो. आपली स्कॉलरशिप कुठे वेळेवर येते? मान्य. पण तिसऱ्या वर्षाला इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये आपण ‘सेफ्टी स्टॉक’ शिकतो. माल यायला किती दिवस लागतील, म्हणजेच लीड टाइम काय, यावर गोदामात किती साठा ठेवायचा ते ठरतं. लीड टाइम मोठा असला तर फार बिघडत नाही, साठा वाढवता येतो. खरी पंचाईत होते ती लीड टाइम आज पंधरा दिवस, उद्या तीन महिने असा असेल तेव्हा. सरांनी ते सूत्र फळ्यावर लिहिलं तेव्हा मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. ‘सात महिने लागतील’ असं कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं ना, तर आईने वेगळी आखणी केली असती. भाडं कमी असलेल्या खोलीत गेलो असतो, पाटल्या गहाण न टाकता एकच मोडली असती. पण ‘पंधरा दिवसांनी या’ असं म्हटलं की माणूस पंधराच दिवसांची उधारी करतो. आणि मग पुढच्या पंधरा दिवसांची. किराणावाले काका चांगले होते म्हणून निभावलं. त्यांच्या वहीत आमचं पान भरलं आणि उलटलंही.

पैशांपेक्षा वाईट परिणाम दुसराच झाला. डिसेंबरात पप्पांना सातपूरला एका वर्कशॉपमध्ये काम मिळत होतं. पगार कमी, पण नावावर. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, ‘अर्ज मंजूर होईपर्यंत कुठे नावावर लागू नका. नवा मालक त्याच विमा नंबरवर हप्ता भरेल, तुम्ही कामावर आहात असं दिसेल आणि सगळा क्लेम उडेल.’ खरं-खोटं विचारायला पप्पा खिडकीवर गेले. तिथे ‘बहुतेक’ असं उत्तर मिळालं. आता ‘बहुतेक’वर काय ठरवणार? एकीकडे महिन्याचे नऊ हजार, दुसरीकडे एकदम २१,६००. पप्पांनी आठवडा मागून घेतला. आठवड्याने गेले तर ती जागा भरली होती. जो माणूस सणालाही ओव्हरटाइम सोडायचा नाही, तो त्या महिन्यात दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागला. आई तेव्हा शिलाई मशीन मुद्दाम जोरात चालवायची.

जानेवारीत शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी माहितीच्या अधिकाराचं सुचवलं. २००५ चा कायदा, फी दहा रुपये, आणि मुख्य म्हणजे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. मास्तर म्हणाले, “पोरी, ‘माझा अर्ज का अडला’ असं विचारू नकोस. अर्जावर कोणत्या तारखेला काय झालं, सध्या तो कोणाच्या टेबलावर आहे आणि काय कमी आहे, याची प्रत माग.” तसंच लिहिलं. एवढ्या सगळ्या प्रकरणात शेवटची तारीख लिहिलेली असलेली ही पहिली गोष्ट होती, आणि खोटं वाटेल, पण नुसत्या त्या तारखेनेच घर जरा शांत झालं.

सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं. एक पान. त्यात लिहिलं होतं, की ऑगस्ट २०२० पासून विमाधारकाचे कामाचे दिवस शून्य, कारण... ‘रजेवर’!

झालं होतं असं. ठेकेदाराला दर महिन्याला प्रत्येक कामगाराचे दिवस आणि पगार ऑनलाइन भरावे लागतात. दिवस शून्य असतील तर कारण निवडावं लागतं, रजा, नोकरी सोडली, निवृत्त वगैरे. नोकरी सुटली म्हणून भरलं तर शेवटच्या दिवसाची तारीखही द्यावी लागते. टाळेबंदीच्या महिन्यांत ठेकेदाराच्या ऑफिसातल्या मुलाने सगळ्यांना ‘रजेवर’ टाकलं होतं. पुढे तीच यादी तो महिन्यामागून महिना चढवत राहिला. म्हणजे इकडे आईच्या पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत, आणि तिकडे कागदावर पप्पा मजेत रजेवर! रजेवरचा माणूस बेकार कसा असेल? यंत्राच्या बाजूने बघितलं तर त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

त्याच कागदामुळे दुसराही गुंता सुटला. तो घेऊन पप्पा खिडकीवर गेले तेव्हा साहेबांनी स्वतः बोलावून सांगितलं, की तुमचा क्लेम १ ऑगस्ट ते २९ ऑक्टोबरचा आहे, त्यानंतर खुशाल कामाला लागा. हे वाक्य डिसेंबरात मिळालं असतं तर! पप्पा त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये चिकटले.

ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घ्यायला आणखी महिना गेला. मार्चअखेर क्लेम मंजूर झाला. एप्रिलमध्ये पैसे निघाले आणि परत गेले. कारण पप्पांची बँक १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली होती आणि जुना आयएफएससी कोड बरोबर वर्षाने बंद पडला होता. आम्ही अर्ज केला तेव्हा तो कोड चालू होता. अर्ज पडून राहिला तेवढ्यात तो मेला! यावर मात्र पप्पा पहिल्यांदा हसले. नवं पासबुक, पुन्हा झेरॉक्स, मधेच दुसऱ्या लाटेचे निर्बंध... ११ जून २०२१ ला मेसेज आला. २१,६०० रुपये जमा. ना एक रुपया कमी, ना एक रुपया जास्त.

पतसंस्थेत मुद्दल २४ हजार आणि नऊ महिन्यांचं व्याज २,७०० झालं होतं. पैसे डिसेंबरात आले असते तर व्याज ९०० वर थांबलं असतं. म्हणजे १,८०० रुपये निव्वळ उशिराचे, मिळालेल्या रकमेचा बरोबर बारावा हिस्सा. शिवाय वर्कशॉपचा दीड-दोन महिन्यांचा हुकलेला पगार. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही. उरलेले ५,१०० मास्कच्या पैशांतून घातले आणि पाटल्या घरी आल्या. आईने त्या हातात घातल्या नाहीत, डब्यात ठेवल्या. आमची तिची अजून त्यावरून वादावादी होते.

त्याच यादीत ‘रजेवर’ असलेले पप्पांचे आणखी चार सोबती होते. आमचं काम झालंय हे कळल्यावर ते एकेक करून पिशवीत कागद घेऊन आले. अकरावीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर होती, तरी मी चौघांचेही माहितीचे अर्ज लिहिले. आता मला ते तोंडपाठ झाले होते. तिघांचे पैसे त्या दिवाळीपर्यंत आले. चौथे काका सुरगाण्याकडचे. ते पहिल्या लाटेतच कुटुंब घेऊन गावी गेले होते आणि पासबुकाची नवी झेरॉक्स द्यायला त्यांना नाशिकला यायचं होतं. एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं, एक दिवसाची मजुरी आणि पुन्हा ‘पंधरा दिवसांनी या’ ऐकण्याची तयारी, एवढं सगळं धरून त्यांनी फोनवर पप्पांना सांगितलं, “राहू द्या भाऊ.” त्यांच्या अर्जाचा नंबर माझ्या वहीत अजून आहे.